सहकुटुंब मुंबई–गोवा क्रूझ: तिकिटापलीकडचा हिशोब आणि तयारी

क्रूझ करून आलो म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. "कितीला पडली?" आणि "बोट लागली का?" दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. पहिल्याला मात्र मी अडखळते. नुसता तिकिटाचा आकडा सांगितला तर ते खोटं होतं, आणि सगळा हिशोब मांडायला बसले तर समोरच्याचा चहा गार होतो. म्हणून तो सगळा हिशोब एकदा इथेच मांडते, आणि आम्ही कुठे कुठे गडबडलो तेही.

आम्ही सहा जण होतो: आम्ही दोघं, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं आणि माझे आई-बाबा. पुण्याहून मुंबई, तिथून जहाजाने गोवा आणि परत मुंबई, दोन रात्री. बाबा मूळचे मालवणचे. त्यांच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट कोकणातली बंदरं घेत घेत पणजीला जायची. मालवणला ती लांब समुद्रातच उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, पोती असं सगळं पडावात, म्हणजे लहान होडीत उतरायचं. त्याच आठवणीवर त्यांनी आम्हाला सुचवलं, "डेकवर पथारी टाकू की, खोलीला कशाला पैसे?" हल्ली तसं तिकीट मिळत नाही.

आधी मार्ग, मग तारीख

मुंबईहून देशातल्या देशात नियमित जाणारं जहाज म्हणजे कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस'. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं हे जहाज सप्टेंबर २०२१पासून मुंबईहून सुटायला लागलं. मार्ग साधारण तीन प्रकारचे असतात. एक, नुसतं समुद्रात फिरून परत येणारा. दोन, गोव्याला थांबणारा. तीन, लक्षद्वीप किंवा कोचीपर्यंत जाणारा लांबचा. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला मी दुसराच सुचवेन. नुसत्या समुद्राला मुलं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कंटाळतात, आणि समुद्र मानवत नाही असं पहिल्याच रात्री कळलं तर लांबच्या सफरीत सुटका नसते.

लक्षद्वीपबद्दल दोन गोष्टी आधीच विचारून घ्या. तिथे जायला प्रवेश परवाना लागतो. तो कोण काढून देणार? आणि मोठं जहाज बेटाच्या धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकून लहान बोटींनी माणसं नेतात. आजी-आजोबांना त्या हलत्या बोटीत पाय टाकणं जमेल का? बाबांच्या काळातला पडाव तो हाच, फक्त आता अंगावर लाइफ जॅकेट असतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी हा प्रश्न किमतीच्याही आधीचा आहे. समुद्र खवळलेला असेल तर असं उतरणं रद्दही होतं.

अरबी समुद्रातला हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात कोकण किनाऱ्याला क्रूझचं नाव काढायचं नाही. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि ३१ डिसेंबरला भाव सगळ्यात चढे, शुक्रवार–रविवार त्याखालोखाल. शाळेतून दोन दिवस सोडवता आलं तर जानेवारी-फेब्रुवारीतली आठवड्याच्या मधली फेरी घ्या. भाव उतरलेला असतो, समुद्र शांत असतो आणि डेकवर बसवतं. मेमध्ये तोच डेक दुपारी तव्यासारखा तापतो.

जाहिरातीतला आकडा आणि आपला आकडा

जाहिरातीत जो आकडा मोठ्या अक्षरात असतो तो एका माणसाचा असतो, तोही खोलीत दोघं राहणार असं धरून, सगळ्यात स्वस्त खोलीचा आणि करांशिवायचा. चार अटी एका आकड्यात दडलेल्या असतात. त्यात बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी मिळवल्याशिवाय तो आकडा नवऱ्याला सांगायचा नाही, हा माझा नियम.

समजायला सोपं जावं म्हणून एक हिशोब धरू. यातले आकडे गृहीत आहेत, तुमच्या तारखेचे आकडे तिथे घाला, पद्धत तीच. समजा जाहिरातीतला भाव माणशी १६,००० रुपये आहे आणि चौघं एकाच खोलीत राहणार आहेत.

पहिले दोन प्रवासी: ३२,०००
वरच्या बर्थवरची दोन मुलं, प्रत्येकी ८,००० धरून: १६,०००
चौघांचं बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि कर मिळून: २२,०००
जहाजाचं तिकीट एकूण: ७०,०००
पुणे–मुंबई येणंजाणं आणि दोन्हीकडच्या टॅक्सी: ४,०००
गोव्यात दिवसभराची गाडी: ४,०००
जहाजावरचा वरखर्च: ८,०००
दारापासून दारापर्यंत: ८६,०००

म्हणजे माणशी साडेएकवीस हजार. जाहिरातीतल्या १६,०००शी त्याची तुलना करायची नाही. तुलना करायची ती गोव्याला गाडीने गेलो असतो तर हॉटेल, तीन दिवसांचं खाणंपिणं, पेट्रोल-टोल आणि मुलांची करमणूक यांचं काय झालं असतं त्याच्याशी. ती केल्यावर कधी क्रूझ महाग निघते, कधी बरोबरीत येते. मद्य, कॅसिनो, स्पा यांत रस नसलेल्या कुटुंबाला बरोबरीत येण्याची शक्यता जास्त. कारण जहाजांचा नफा बराचसा तिथेच असतो.

तिसऱ्या-चौथ्या माणसाला सवलत का, तर खोली तशीही विकलेली असते आणि वरच्या दोन बर्थवर जो झोपेल त्याचं तिकीट कंपनीला वरकमाई असतं. उलट, एकट्या माणसाने खोली घेतली तर दुसऱ्या रिकाम्या बर्थचेही पैसे बरेचदा भरावे लागतात, कधी पूर्ण दुप्पट. म्हणून एकटी आजी बरोबर असेल तर तिला वेगळी खोली न घेता एक नातवंड तिच्याबरोबर घाला. आम्ही सहा जणांसाठी ४ + २ आणि ३ + ३ असे दोन्ही हिशोब मागवले. दोन्हींतला फरक एका चांगल्या जेवणाच्या बिलाइतका होता. तरी आम्ही ३ + ३ घेतलं, कारण धाकटीला आजीशिवाय झोप लागत नाही.

एजंटकडून घेत असाल तर फोनवरच्या आकड्यावर विसंबू नका. पहिल्यांदा चौकशी केली तेव्हा एका एजंटने "सगळं धरून" म्हणून सांगितलेल्या रकमेत प्रत्यक्षात कर नव्हते. लेखी मागितल्यावर आकडा वाढून आला. लेखी कोटेशनमध्ये चार गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत: मूळ भाडं, बंदर व सेवा शुल्क, कर आणि रद्द केल्यास किती दिवस आधी किती कापणार त्याचा तक्ता. मुलांच्या तापाला आपली तारीख माहीत नसते, म्हणून शेवटचा तक्ता नीट वाचा.

खोली: इथे कंजुषी करावी की नाही?

खोल्यांचे मुख्य प्रकार तीन: आतली, म्हणजे खिडकी नसलेली; समुद्र दिसणारी, पण खिडकी न उघडणारी; आणि बाल्कनीवाली. आतली खोली म्हणजे शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास. त्यात दोन पलंग, भिंतीतून खाली उघडणारे दोन बर्थ, एक कपाट आणि इतकं छोटं न्हाणीघर की आंघोळ करताना पडदा अंगाला चिकटतो. चौघांच्या चार सुटकेसेस उघडून ठेवल्या तर पाय ठेवायला जागा उरत नाही. सामान लावायचं, रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवायच्या आणि मग राहायचं.

दोन रात्रींसाठी मला आतली खोली पुरते असंच वाटतं. आम्ही खोलीत फक्त झोपायला गेलो. एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती: दिवा घालवल्यावर तिथे काळाकुट्ट अंधार होतो. सकाळ झाली की नाही हेही कळत नाही. धाकटी रात्री घाबरून उठली. दुसऱ्या रात्री न्हाणीघराचा दिवा लावून दार किंचित उघडं ठेवलं. लहान मुलं असतील तर छोटा बॅटरीवरचा दिवा न्या. आईला मात्र खिडकी नसल्याने कोंडल्यासारखं झालं. पुढच्या वेळी तिला समुद्र दिसणारी खोली घेऊ. चार रात्रींहून लांबची सफर असेल तर वृद्धांसाठी बाल्कनी घ्यावी, कारण दुपारी ते खोलीतच असतात.

वरच्या बर्थला शिडी असते आणि पोरांची त्यावरून भांडणं होतात. कोण कुठल्या रात्री वर, हे घरीच ठरवून जा. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला वर झोपवू नका, कठडा असला तरी.

खोलीचा नंबर निवडायला मिळत असेल तर तीन गोष्टी बघा. जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हलणं सगळ्यात कमी जाणवतं. सीसॉच्या मधोमध बसल्यासारखं. वरच्या मजल्यावर नाचगाण्याचा हॉल किंवा जेवणघर नको, नाहीतर रात्री बारापर्यंत डोक्यावर धमधम. आणि आजी-आजोबांची खोली लिफ्टपासून जवळ हवी, पण अगदी समोर नको. जहाजाचे बोळ लांबच लांब आणि सगळे एकसारखे असतात. बाबा पहिल्या संध्याकाळी दोनदा उलट्या दिशेला गेले. मग आम्ही दारावर लाल रिबीन बांधली.

कागदपत्रं

देशांतर्गत फेरीला पासपोर्ट लागत नाही, पण प्रत्येक प्रवाशाचं मूळ ओळखपत्र लागतं, मुलांचंही. आधारवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते बुकिंगच्या दिवशीच बघा. आमच्याकडे आईचं आधारवर लग्नाआधीचं नाव होतं. दुरुस्तीला वेळ होता म्हणून निभावलं.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ बहुतेक जहाजांवर घेत नाहीत. लांबच्या सागरी सफरीला ही अट एक वर्षाची असते. गर्भवती स्त्रियांनाही साधारण चोविसाव्या आठवड्यानंतर चढू देत नाहीत आणि त्याआधीही डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात. बुकिंगच्या वेळी हे कुणी आपणहून विचारत नाही. अडवतात ते थेट बंदरावर. घरात कुणी परदेशी पासपोर्टवर असेल, म्हणजे अमेरिकेहून आलेली बहीण वगैरे, तर तिला पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) बरोबर ठेवायला सांगा.

विमा घ्यायचा का? जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतो, पण त्याचं बिल जागेवर भरावं लागतं. आपल्या आरोग्य विम्यात ते परत मिळेल का हे विमा कंपनीला ईमेलवर विचारून ठेवा. आई-बाबांची रोजची औषधं दोन दिवस जास्तीची न्या, आणि ती हातातल्या पिशवीत.

सामान

जहाजावर काय नेऊ देत नाहीत याची यादी विमानापेक्षा वेगळी असते. समुद्रात सगळ्यात मोठी भीती आगीची. म्हणून इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती, उदबत्ती, लायटर हे सगळं बंद. आईने देवाला लावायला म्हणून निरांजन आणि काडेपेटी घेतली होती. ती तपासणीला निघाली. बाहेरचं खाणंही बहुतेक वेळा नेऊ देत नाहीत. पुण्याहून निघताना भरलेला चिवड्याचा आणि बेसनलाडवांचा डबा आम्ही रांगेत उभ्या उभ्या संपवला. मागच्या नाशिकच्या कुटुंबालाही लाडू दिले, त्यांच्याकडच्या खाकऱ्याची तीच गत झाली होती. बाळाचं दूध-खाणं आणि पथ्याचं औषधी खाणं चालतं. ते आधी कळवून ठेवावं.

मोठ्या बॅगा बंदरावर जमा होतात आणि खोलीत पोचायला दोन-तीन तास लागतात. तोवर हातातल्या पिशवीत हे असलंच पाहिजे: ओळखपत्रं, औषधं, मुलांचे पोहायचे कपडे, चार्जर आणि प्रत्येकाचा एक पातळ स्वेटर. पोहायचे कपडे मोठ्या बॅगेत गेले आणि डोळ्यांसमोर तलाव, या परिस्थितीत मुलांना तीन तास सांभाळणं काय असतं ते आम्ही अनुभवलं. स्वेटर एसीसाठी. जेवणघरात आणि नाटकाच्या हॉलमध्ये हुडहुडी भरते.

एक छोटी युक्ती: खोलीच्या भिंती बहुतेक लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यावर चुंबकाचे हुक बसतात. मुलांचे ओले टॉवेल, टोप्या, पिशव्या सगळं त्यावर लटकतं. सहा हुक शंभर-दीडशे रुपयांत येतात.

बंदर गाठणं

मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, बॅलार्ड इस्टेटच्या मागे. नव्या टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५मध्ये झालं. काळीपिवळीवाल्याला "क्रूझ टर्मिनल" पेक्षा "ग्रीन गेट" सांगितलेलं चटकन कळतं. सीएसएमटीहून अंतर दोनेक किलोमीटर.

पुण्याहून गाडीने जायचा मोह टाळा. एकतर खंडाळ्याच्या घाटात कधी अडकाल सांगता येत नाही. दुसरं, तीन दिवस दक्षिण मुंबईत गाडी उभी करायची कुठे आणि किती देऊन? सकाळी ७:१५ची डेक्कन क्वीन साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला सोडते. स्टेशनसमोर पोटभर नाश्ता करून बंदरावर जायला हीच गाडी उत्तम. कोल्हापूर, सोलापूर, नागपूरकडच्यांनी त्याच दिवशी पोचण्याचा जुगार खेळू नये. आदल्या दिवशी मुंबईत येऊन नातेवाइकांकडे मुक्काम टाकावा. जहाज कुणासाठी थांबत नाही, आणि चुकलं तर पैसे परत मिळत नाहीत. विमान चुकलं तर पुढचं असतं, इथे पुढचं आठवड्यानंतर.

ऑनलाइन चेक-इन घरूनच करून ठेवा. त्यात बंदरावर यायची वेळ मिळते. अगदी पहिल्या वेळेचा आग्रह धरा. रांग लहान असते आणि दुपारचं जेवण जहाजावर मिळतं. ते भाड्यात धरलेलंच असतं, मग बाहेर का जेवायचं? बंदराचे दरवाजे जहाज सुटायच्या दीड-दोन तास आधी बंद होतात. तिकिटावर सुटण्याची जी वेळ असते ती आपली वेळ नव्हे. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी व्हीलचेअर आधी नोंदवून ठेवा. आईला नको वाटत होतं, "मी काय आजारी आहे?" म्हणाली, पण तासाभराच्या रांगेनंतर तिने स्वतःच मागितली.

चढल्यावरचे पहिले तीन तास

सगळे आधी लिफ्टपाशी फोटो काढतात. तुम्ही आधी ही कामं उरका. जेवणघराच्या दोन वेळा असतील तर लहान मुलांसाठी लवकरची वेळ नोंदवा. जैन किंवा बिनकांदा-लसणाचं जेवण हवं असेल तर तेव्हाच सांगा. कार्यक्रमांच्या जागा आधी ठेवाव्या लागत असतील तर ठेवा. मुलांच्या खेळघराची नोंदणी करा आणि तिथली वयाची अट बघा. डायपरमधल्या बाळांना तलावात बहुतेक जहाजांवर मनाई असते.

मग सुरक्षेची कवायत. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. जानेवारी २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडलं, त्यात ३२ माणसं गेली. बऱ्याच प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर ती घ्यावीच लागते. टाळू नका. मुलांच्या मापाचं जॅकेट खोलीत आहे का ते बघा, नसेल तर लगेच मागा. आमच्या थोरल्याने ते भोंगे पुढचे दोन दिवस तोंडाने वाजवले.

सुटताना सगळ्यांना घेऊन वरच्या डेकवर, आणि कुलाब्याच्या बाजूला उभे राहा. संध्याकाळच्या उन्हात गेटवे आणि ताज मागे पडतात, मग कुलाब्याच्या टोकाशी प्राँग्जचा दीपस्तंभ येतो. बाबा इतका वेळ गप्प होते. दीपस्तंभ दिसल्यावर म्हणाले, "इथून पुढे उलट्या सुरू व्हायच्या."

कार्ड, फोन आणि वरखर्च

जहाजावर रोख चालत नाही. चढताना प्रत्येकाला कार्ड मिळतं; तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पैशांचं पाकीट. त्याला क्रेडिट कार्ड जोडतात किंवा आधी रक्कम जमा करून घेतात. मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करायला स्वागतकक्षात सांगा. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सुचलं, तोवर थोरल्याने व्हिडिओ गेमच्या दालनात "फुकट आहे, कार्ड लावलं की चालतं" असा शोध लावला होता. एकोणीसशे रुपये.

भाड्यात काय असतं? सर्वसाधारणपणे मुख्य जेवणघर आणि बुफे, पाणी, साधा चहा-कॉफी, तलाव, बरेचसे कार्यक्रम, मुलांचं खेळघर. कशाचे पैसे पडतात? शीतपेयं, मद्य, मशीनची खास कॉफी, खास उपाहारगृहं, स्पा, कॅसिनो, काही खास शो, इंटरनेट आणि फोटो. फोटोवाले फार गोड बोलून उभं करतात. उभं राहायला पैसे पडत नाहीत, छापील प्रत घेतली की पडतात. पेयांचं पॅकेज घेण्याआधी गुणाकार करा: दिवसाला प्रत्येकी किती ग्लास रिचवले तर ते वसूल होतं? आमच्या घरात कुणाच्या पोटात तेवढं मावत नव्हतं.

किनारा लांब गेला की मोबाइलची रेंज जाते. फोन विमान मोडवर टाका. मोठ्या जहाजांवर उपग्रहावर चालणारं वेगळं मोबाइल नेटवर्क असतं, फोन आपोआप त्याला चिकटतो आणि दर अव्वाच्या सव्वा असतात. माझ्या मावसभावाला परदेशी क्रूझवरून आल्यावर फोनचं जे बिल आलं त्यात गोव्याची एक फेरी झाली असती. कार्यालयाला, शाळेला, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही. इंटरनेट घ्यावंच लागलं तर एका फोनपुरतं घ्या.

बोट लागणं

मराठीत याला किती नेमका शब्द आहे! शांत हंगामात मोठ्या जहाजावर बहुतेकांना काही होत नाही, त्याला बाजूंनी पंखांसारखे, डोलणं कमी करणारे स्थिरक असतात. तरी ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी तयारीने जावं. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू व्हायच्या आधी, अर्धा-एक तास. सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते. मुलांना आणि रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असलेल्यांना डॉक्टरांना विचारूनच द्या. आलेपाक आईच्या पर्समध्ये होता, तपासणीत कुणाला खाऊ वाटला नाही. रिकाम्या पोटी राहू नका, फोनमध्ये डोकं घालू नका, मोकळ्या हवेत जाऊन लांब क्षितिजाकडे बघा.

गोव्यातले पाच-सहा तास

जहाज लागतं मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोला. गोवा म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारं कळंगुट-बागा इथून बरंच लांब आहे. तिकडे जाल तर अर्धा दिवस गाडीत जाईल. पणजी तीसेक किलोमीटर. झुआरीवरचा नवा पूल झाल्यापासून रस्ता सुधारला, तरी तासभर धराच.

आधी परतीची वेळ बघा. जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी आत असावं लागतं. त्यातून जाण्या-येण्याचा वेळ आणि वर एक तास राखीव काढा. उरेल तो तुमचा गोवा. मुलं लहान असतील तर दहा-बारा किलोमीटरवर बोगमाळोचा किनारा आणि त्याच रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय. सोमवारी ते बंद असतं. आमच्याकडे देवदर्शनाचा आग्रह होता, म्हणून मंगेशीला गेलो. एका बाजूने सव्वा तास लागला. अर्ध्या चड्डीत देवळात सोडत नाहीत, हे नवऱ्याला तिथे गेल्यावर आठवलं. त्याने बाहेरच्या सोडा-लिंबूवाल्याकडे बसून घेतलं.

गोव्यात ओला-उबर नाहीत. गोवामाइल्सचं अ‍ॅप आहे, पण बंदराच्या दाराशी स्थानिक टॅक्सीवाल्यांचेच दर चालतात. आदल्या दिवशी रेंज असतानाच ओळखीच्या कुणाकडून दिवसभराची गाडी ठरवून ठेवा आणि बंदराच्या बाहेर कुठल्या दाराशी भेटायचं ते नक्की करा. जहाजाची स्वतःची सहल घेतली तर महाग पडते, पण बस उशिरा आली तरी जहाज तिची वाट बघतं. स्वतःच्या टॅक्सीची बघत नाही. उतरताना जहाजाचं कार्ड आणि ओळखपत्र दोन्ही बरोबर घ्या, आणि काजूची फेणी घेतली तर चढताना ती जमा करून घेतात. उतरताना परत मिळते.

सिंगापूरचा विचार असेल तर

परदेशी क्रूझमध्ये आपल्याकडच्या कुटुंबांना सगळ्यात सोयीची सिंगापूरची: तिथून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून पेनांग, पोर्ट क्लांग, फुकेत अशी तीन ते पाच रात्रींची. हिशोबाची पद्धत तीच, त्यात चार भर. एक, विमान आणि आदल्या रात्रीचं हॉटेल. दोन, बक्षिसी: आंतरराष्ट्रीय जहाजांवर माणशी दर दिवसाला साधारण १६ ते २० अमेरिकी डॉलर आपोआप बिलात लागतात, बरेचदा मुलांनाही. १८ धरले तर चौघांच्या चार रात्रींचे २८८ डॉलर. तीन, टूर कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं की टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, कापला जातो. तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना वळता होतो. पण भरताना खिशात हवा, आणि त्याचा दर बजेटगणिक बदलतो. चार, व्हिसा. जहाज सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे देशात दोनदा प्रवेश. व्हिसावर एकाहून जास्त प्रवेश लिहिलेले आहेत ना ते बघा. वाटेतल्या प्रत्येक देशाचे नियम वेगळे तपासा, उतरायचं नसलं तरी. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं फसवी. फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे, तेव्हा परतीची वेळ जहाजाच्या घड्याळानेच पाळा.

परतीची सकाळ

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात. उद्याचे कपडे बाहेर काढलेत ना, हे बॅग ठेवायच्या आधी बघा. दर फेरीत कुणीतरी रात्रीच्या पायजम्यात उतरतं म्हणे. बिल रात्रीच टीव्हीवर किंवा स्वागतकक्षात तपासा. सकाळी तिथे पन्नास माणसं असतात आणि चुकीची नोंद काढून घ्यायला वेळ नसतो.

बाहेर पडेपर्यंत पुण्याच्या सकाळच्या गाड्या गेलेल्या असतात आणि डेक्कन क्वीन संध्याकाळी ५:१०ला. ती आधीच काढून ठेवली असेल तर सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये बॅगा टाका. बॅगांना कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत. दुपार छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाते, टॅक्सीने दहा मिनिटं. घाई असेल तर दादरहून शिवनेरी.

आम्ही डेक्कन क्वीनसाठी फलाटावर उभे होतो तेव्हा मला पायाखाली संथ डोलल्यासारखं वाटायला लागलं. इकडेतिकडे बघितलं तर आईही खांबाला धरून उभी. जहाजावरून उतरल्यावर काहींना एखादा दिवस असं होतं, आपोआप जातं. "बोट नाही लागली हो बाबा," मी म्हटलं. बाबांनी बाकावर बसून घेतलं आणि म्हणाले, "आता जमीन लागली."